झाडं लावायला निघालात? आधी जागा बघून घ्या

जून आला की ग्रुपवर वृक्षारोपणाचे मेसेज सुरू होतात, तारीख ठरते, कुणीतरी टेम्पोभर रोपं आणतं, फोटो होतात आणि पुढच्या मे महिन्यात त्याच टेकडीवर नुसत्या वाळक्या काड्या. आपल्या राज्याने २०१६ ला २ कोटी, मग ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ ला तर ३३ कोटी झाडांचं टार्गेट घेतलं होतं, म्हणजे रोपांची आणि उत्साहाची टंचाई कधीच नव्हती. टंचाई आहे ती लावायच्या आधी जागा बघणाऱ्यांची आणि लावल्यावर तीन उन्हाळे पाणी घालणाऱ्यांची. शंभर लावण्यापेक्षा दहाच लावा पण जगवा, असं मला मनापासून वाटतं म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी जागा. मोकळी दिसली म्हणजे ती ओसाड असतेच असं नाही हो! सोलापूर, पुणे, नगरकडचे माळ हे मुळातच गवताचे आहेत, तिथे मारवेल, पवन्या, कुसळी वाढते, चंडोल जमिनीवर घरटं करतो, लांडगा आणि खोकड तिथेच राहतात, धनगरांची मेंढरं चरतात. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते असल्याच माळावर, आणि आज देशभरातल्या रानात माळढोक जेमतेम दीडशेच्या आसपास उरलाय. त्याला उघडं रान लागतं, झाडांची दाटी झाली की तो जागा सोडतो. कोकणातले सडे, म्हणजे कातळाची पठारं, आणि साताऱ्याजवळचं कासचं पठार पण तसंच, कातळावर बोटभर मातीत पावसाळ्यापुरती फुलं येतात, तिथे खड्डे घेतले की ती माती गेली. म्हणून एक खड्डा खणून बघा, वीतभर खाली लगेच मुरूम किंवा कातळ लागला आणि आसपास जुनं एकही झाड नसेल तर ती जागा गवताची आहे, तिला गवताचीच राहू द्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना, मेंढपाळांना विचारा, पूर्वी इथे काय होतं ते त्यांना बरोबर माहीत असतं.

दुसरं म्हणजे वाकून बघा. टेकडीवर बऱ्याचदा तोडलेले बुंधे असतात आणि पाऊस पडला की त्यांना धुमारे फुटतात, धावडा, पळस, साग, ऐन, जे काय असेल ते. शेळ्या शेंडा खातात, वणवा लागतो, म्हणून ते वर्षानुवर्षं गुडघ्याएवढेच राहतात आणि आपल्याला झुडूप वाटतं, पण खाली मुळं जुनी आणि खोल असतात. अशा ठिकाणी नवीन काही लावूच नका. एका बुंध्यावरचे दोन-तीन जोमदार धुमारे ठेवा, बाकीचे छाटा, भोवती बोरी-बाभळीच्या काट्या रोवा आणि पाऊस संपून गवत वाळायला लागलं की कडेने जाळरेषा काढा, म्हणजे पट्टाभर गवत कापून साफ करा. त्यांना पाणी घालावं लागत नाही आणि नर्सरीच्या रोपापेक्षा ते कितीतरी पुढे जातात.

आता खरंच लावायचंच असेल तर गिरीपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही परदेशी झाडं नकोत. पुण्याच्या टेकड्यांवर गिरीपुष्पाचं काय झालंय ते बघून या, वरून हिरवंगार आणि खाली दुसरं काही फारसं उगवत नाही. देशावर कडुनिंब, बाभूळ, बोर, खैर, हिवर, पळस घ्या, कोकणात ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा, विदर्भात मोह, तेंदू, चारोळी. रस्त्यावर वायरखाली बहावा, कांचन किंवा ताम्हण ठीक, वड-पिंपळ तिथे लावलात की महावितरणवाले दरवर्षी छाटणार. रोपं घरी करायची असतील तर जांभूळ आणि कडुनिंबाचं बी ताजंच पेरा, ठेवलं की मरतं. बहाव्याचं बी मात्र कडक, फरशीवर घासून रात्रभर पाण्यात ठेवा. वडाची तर पावसाळ्यात मनगटाएवढी फांदी रोवली तरी जगते.

खड्डा एप्रिल-मे मध्येच काढा, २ फूट लांब-रुंद-खोल, ऊन खाऊ दे, मग माती, शेणखत आणि वाळवी लागू नये म्हणून मूठभर निंबोळी पेंड. रोप ४-५ फुटांचं घ्या, इवलंसं नको. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन आत ओली झाली की लावा. पिशवी ब्लेडने उभी कापून पूर्ण काढा (पिशवीसकट पुरलेली रोपं मी बघितलीयेत, वाईट वाटतं) आणि तळाशी बघा, मुळं गोल गोल गुंडाळलेली असली तर तेवढा वेढा कापून टाका, नाहीतर ती जमिनीत जाऊनही तशीच फिरत राहतात आणि झाड मोठं झाल्यावर वादळात पडतं. मग आळं, बांबूचा आधार आणि वर वाळल्या पाल्याचं जाड आच्छादन, फक्त खोडाला चिकटवू नका, खोड कुजतं.

पाऊस थांबला की खरं काम सुरू. आठवड्यातून एकदा १०-१५ लिटर, सावकाश, रोज तांब्याभर घालून मुळं वरच राहतात. पाणी लांबून आणावं लागत असेल तर बुडाला भोक पाडून वात घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरा, ते भरलं की झिरपत राहतं. कुठल्या आठवड्यात कोण पाणी घालणार ते नावासकट आधीच लिहून ठेवा, सुट्टीच्या मे महिन्यात सगळे गावाला जातात आणि झाडं तेव्हाच जातात. पुढच्या जूनमध्ये मेलेल्यांच्या जागी त्याच खड्ड्यात नांग्या भरा, म्हणजे नवीन रोपं लावा. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, तिसऱ्यात महिन्याने पाणी पुरतं, आणि खोड बांबूपेक्षा जाड झालं की दोरी सोडा, विसरलात तर ती सालीत रुतते.