जुन्या टीव्ही गेमचा रिमोट: आधी लक्षण, मग स्क्रू ड्रायव्हर

नव्वदच्या दशकात आपल्याकडे जो टीव्ही गेम आला, त्याच्या कंट्रोलरला कुणी कंट्रोलर म्हणत नसे. तो रिमोट, आणि कार्ट्रिज म्हणजे कॅसेट. ते बहुतेक सेट निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. आतली विद्या तीच, त्यामुळे अस्सल एनईएसच्या (फॅमिकॉमचाच परदेशी अवतार) रिमोटला जे उपाय लागू पडतात ते यालाही पडतात. माळ्यावरचा गेम काढला, चित्र आलं, पण मारिओ उडी मारेना, तर लगेच खोलायला बसू नका.

न खोलता तपासा

अस्सल रिमोटच्या आत ४०२१ नावाची एक चिप असते, नकलेत तिचीच नक्कल. आठही बटणांची स्थिती ती एकदम टिपते आणि एकाच तारेवरून ओळीने गेमला कळवते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. म्हणून कामाच्या तारा पाचच: पाच व्होल्ट, ग्राउंड (विजेची परतीची तार), लॅच (‘टिप’ असा इशारा), क्लॉक (‘पुढचं सांग’ असा ठोका) आणि डेटा (बटणांची खबर).

यातून निदान सोपं होतं. एखाद-दुसरंच बटण मेलं असेल तर केबल शाबूत आहे. दोष बहुधा त्या बटणाखालच्या रबरात. सगळीच मेली असतील तर केबलवर संशय घ्या. वायर हलवल्यावर क्षणभर चालून पुन्हा बंद पडत असेल तर दोष केबलचाच, शंका नको. आणि मारिओ आपोआपच उजवीकडे पळत सुटला असेल तर आत काहीतरी सांडून वाळलंय. आमच्या रिमोटात ते कोकम सरबत निघालं.

प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबा आणि निकाल कागदावर लिहा. दोन नंबरच्या रिमोटला मूळ फॅमिकॉममध्येही स्टार्ट-सिलेक्ट नव्हतं, नकलांमध्येही अनेकदा नसतं. धाकट्यांच्या वाट्याला नेहमी तोच यायचा. तेव्हा तिथे ती बटणं शोधत बसू नका.

एक इशारा. नकलांचा ९ पिनांचा प्लग अटारी किंवा सेगा या दुसऱ्या कंपन्यांच्या गेमच्या प्लगसारखाच दिसतो, पण आतली जोडणी वेगळी असते. बसतोय म्हणून दुसऱ्या यंत्रात खुपसून पाहू नका.

खोलणे

प्लग काढा. रिमोट पालथा ठेवा, मागचे स्क्रू काढा आणि पाठ सरळ वर उचला. उताणा धरून उघडलात तर बटणं आणि रबर टेबलाखाली गेलीच समजा. काही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः केबल प्लॅस्टिकच्या खुंट्यांमधून कशी नागमोडी फिरवली आहे त्याचा. ती नागमोड नक्षीसाठी नाही. वायरला बसणारा झटका ती स्वतःवर घेते, म्हणून बोर्डावर तारा डागलेले टाके वाचतात.

रबर आणि पट्ट्या

निम्म्याहून जास्त रिमोट इथेच बरे होतात. प्लॅस्टिकचे भाग आणि बटणं साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा. रबरही त्याच पाण्यात, पण त्यातल्या वीज वाहणाऱ्या काळ्या गोळ्यांना ब्रश लावू नका, बोटानेच चोळा. बोर्डावरच्या काळ्या पट्ट्या कापसाच्या काडीला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून हलक्या हाताने पुसा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ते मिळतं. पेट्रोल, थिनर नको: एकाने रबर फुगतं, दुसऱ्याने प्लॅस्टिक विरघळतं. पॉलिश पेपर तर नकोच, कारण त्या पट्ट्या कार्बनच्या पातळ थराच्या असतात. एकदा खरवडल्या की गेल्या.

सगळं पूर्ण वाळल्यावर मल्टिमीटर (विजेची मापं घेणारं यंत्र) घ्या. त्याचे दोन्ही प्रोब, म्हणजे टोकदार काड्या, एकाच काळ्या गोळीवर टेकवा. चांगली गोळी काही शे ओहम ते एक-दोन किलोओहम दाखवते. अस्सल एनईएसमध्ये प्रत्येक बटणाची तार ३८ किलोओहमच्या रेझिस्टरने (वीज अडवणारा भाग) पाच व्होल्टला बांधलेली असते, आणि बटण दाबलं की गोळीने ती ग्राउंडकडे ओढायची असते. गोळीचाच रेझिस्टन्स फार चढला की तिच्याने ते ओढणं होत नाही. मग आपण अंगठा दुखेपर्यंत दाबतो आणि मारिओ खड्ड्यात.

नवे रबर ऑनलाइन मिळतात, पण ते एनईएसच्या मापाचे. नकलेत बसतीलच असं नाही. तात्पुरता इलाज म्हणून ६बी पेन्सिल गोळीवर घासा, काही दिवस निघतात. माझा आवडता जुगाड वेगळा आहे: टीव्हीच्या मेलेल्या रिमोटमधल्या काळ्या गोळ्या ब्लेडने पातळ कापून जुन्या गोळीवर सिलिकॉनच्या थेंबाने चिकटवायच्या. जाडी वाढली तर बटण दाबलेलंच राहतं, म्हणून शक्य तितक्या पातळ. चॉकलेटची चांदी चिकटवणारेही आहेत. चालतं, पण चांदी पट्ट्या घासत राहते, मला ते पटत नाही.

केबल

केबल बहुधा दोनच जागी तुटते: रिमोटमधून बाहेर पडते तिथे आणि प्लगच्या तोंडाशी. मल्टिमीटर बीपवर ठेवा, म्हणजे तार जोडलेली असली की तो वाजतो. प्लगच्या भोकात टाचणी घालून तिला एक प्रोब लावा, दुसरा बोर्डावरच्या टाक्यांवर फिरवा. कोणतं भोक कुठल्या टाक्याला जातं ते लिहा. नकलांमध्ये तारांच्या रंगांवर विसंबण्यात अर्थ नाही. बीप वाजत असताना वायर वाकवून पाहा. जिथे आवाज तुटतो तिथेच रोग.

रिमोटच्या बाजूला तुटली असेल तर तिथून तीन-चार इंच कापून टाका, टोकं सोला, कथील लावून घ्या आणि लिहिलेल्या क्रमाने पुन्हा डाग द्या. २५ वॉटची डाग द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) पुरे. एका टाक्यावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नका, बोर्डाचं तांबं उचकटतं. प्लगच्या बाजूला तुटली असेल तर ९ पिनांचा नवा प्लग लावा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो.

चिप, सगळ्यात शेवटी

बोर्डाला पाच व्होल्ट पोचतायत, तारा धड आहेत, तरी सगळं मेलेलं, तर चिप. अस्सल रिमोटमध्ये १६ पायांची ४०२१ उपसून नवी बसवता येते. ८ नंबरचा पाय ग्राउंड, १६ नंबरचा पाच व्होल्ट. नकलेत चिपच्या जागी डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका असतो, तो दुरुस्त होत नाही. बाहेरून ४०२१ आणि आठ रेझिस्टर जोडता येतात, मी एकदा केलंही, पण अख्खा रविवार गेला. दुसरा रिमोट मिळत असेल तर तो घ्या.

बंद करताना

केबल फोटोप्रमाणे खुंट्यांमधून फिरवा. स्क्रू आधी उलटा फिरवा. टक् असा आवाज आला की तो जुन्या आट्यात बसला, मग सुलटा. फार आवळू नका, बटणं अडकतात. नंतर कागदावरची तीच यादी काढून प्रत्येक बटण पुन्हा दहा वेळा दाबा.

आणि ठेवताना वायर रिमोटभोवती करकचून गुंडाळू नका. ‘पसारा नको, नीट गुंडाळून ठेव’ हा आईचा हुकूम आम्ही वर्षानुवर्षं पाळला, आणि आमची वायर बरोबर त्याच वळणावर तुटली. ताटाएवढी सैल वेटोळी करा आणि रिमोट वर ठेवा.