ब्रिज शिकताना या चुका टाळा

दादर-पार्ल्याच्या क्लबात ब्रिज शिकायला येणारी बरीच मंडळी मेंढीकोट नाहीतर तीनशे चार खेळून आलेली असतात. काहींचा हात लोकलच्या डब्यात बसलेला असतो. पुढचं स्टेशन यायच्या आत डाव संपवायची सवय. ती सवय ब्रिजमध्ये फार महागात पडते.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच हाताला होते. डमी (पार्टनरची टेबलावर उघडी मांडलेली पानं) उघडली रे उघडली की पान ओढायचं. हा डाव बघा. तीन नो-ट्रम्प बोललंय, म्हणजे हुकूम नसताना तेरापैकी नऊ हात हवेत. इस्पिकमध्ये तुमच्याकडे एक्का, सत्ती, तिर्री; डमीत छक्की, पंजी, दुर्री. चौकटमध्ये डमीत एक्का, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी. तुमच्याकडे तीन बारकी पानं. बदाम आणि किलवरचे एक्का-राजा तुमच्या बाजूला. डावीकडून इस्पिकचा राजा उतरतो. शिकाऊ माणूस लगेच एक्का ठोकतो, चौकटची राणी फिनेस करतो, म्हणजे राजा डावीकडे असेल या आशेने डमीतली राणी लावतो. उजवीकडचा खेळाडू राजाने हात मारतो आणि आपल्याकडचं उरलेलं इस्पिक परत देतो. डावीकडच्याचे चार इस्पिक सरसर निघतात. पाच हात गेले, एकने डाऊन, म्हणजे बोलीला एक हात कमी. वर तक्रार, ‘राजा उजवीकडे निघाला, नशीबच फुटकं!’

नशिबाचा काय संबंध? मोजा. खात्रीचे हात सहा: इस्पिकचा एक, चौकटचा एक, बदामचे दोन, किलवरचे दोन. चौकटचा राजा त्यांना दिला तरी त्या रंगाचे चार हात तुमचेच, म्हणजे नऊ झाले. धोका एकच, राजा मारणाऱ्याकडे इस्पिक शिल्लक असणं. म्हणून पहिल्या इस्पिकला तिर्री टाका, एक्का दुसऱ्याला घ्या. उजवीकडे दोनच इस्पिक असतील तर ती संपली. वाटणी चार-तीन असेल तर इस्पिकचे तीनच हात जातात, आणि तेवढे परवडतात. किती वेळा थांबायचं याचा ठोकताळा: सातातून दोघांची त्या रंगातली पानं वजा करा. इथे सात वजा सहा, एकदा. आणि उतारी झाली की आपली पानं टेबलावर पालथी ठेवा. हात रिकामा असला की डोकं चालतं. पार्टनर चुळबुळ करेल, करू दे.

दुसरी खोड, हुकूम जपून ठेवण्याची. ती मेंढीकोटातून येते. दोघांत मिळून आठ हुकूम असतील तर समोर पाचच उरतात, आणि ते तीन-दोन वाटले जाण्याची शक्यता सुमारे 68 टक्के. मग तीन वेळा हुकूम खेळून काढून टाका. डमीतल्या हुकमाने तुमचं हरणारं पान कापायचं असेल तरच आधी तेवढं उरका.

कन्व्हेन्शन्सचं, म्हणजे ठरवून घेतलेल्या सांकेतिक बोल्यांचं, वेडही आवरा. दुसऱ्याच आठवड्यात स्टेमन, ट्रान्सफर, ब्लॅकवूड सगळं पाठ, आणि चौथ्या हाताला विचारतात, ‘राणी गेली का?’ ब्लॅकवूड म्हणजे पार्टनरकडे किती एक्के ते विचारणारी बोली. एखाद्या रंगात पान नसताना ती विचारली की उत्तरात एक एक्का कळतो, पण तो कामाचा की बिनकामाचा ते कळत नाही. आधी एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक एवढं मोजून नीट बोली लावा. गेमला, म्हणजे तीन नो-ट्रम्पसारख्या बोनस देणाऱ्या बोलीला, दोघांचे मिळून साधारण 25 गुण लागतात.

बोलीची कार्डं ठेवलेल्या डब्याकडे हात बोली ठरल्यावरच न्या. ‘पास’च्या कार्डावर बोट ठेवून मग ‘डबल’ काढलंत की सगळ्या टेबलाला तुमची पानं कळतात, आणि पार्टनरला त्याचा फायदा घेता येत नाही.

किरकोळ बाकीचं: बोर्डातून, म्हणजे वाटलेली पानं ठेवायच्या ट्रेमधून, पानं काढली की न बघता तेरा मोजा. जिंकलेल्या हाताचं आपलं पान उभं, हरलेल्याचं आडवं, आपल्यासमोरच ठेवा. रंग चुकवल्याचा वाद त्या ओळीवरूनच सुटतो. आणि तुमची पानं डमी म्हणून उघडी असताना सल्ले देऊ नका.