मोठी फाइल नेटवर्क ड्राइव्हवर अडते तेव्हा

‘फाइलचा आकार मर्यादेपेक्षा जास्त आहे’ असा संदेश आला की क्लाउडची जागा वाढवून घ्या, असे सर्रास सांगितले जाते. हा सल्ला मुळातच चुकीचा आहे, कारण शिल्लक जागा आणि एका फाइलची कमाल मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गूगल ड्राइव्ह ५ टीबीपर्यंतची आणि वनड्राइव्ह २५० जीबीपर्यंतची एक फाइल स्वीकारते. तेव्हा ६० एमबीची फाइल नाकारली जात असेल, तर अडथळा क्लाउडमध्ये नाही, तो वाटेत आहे.

म्हणून प्रथम फाइल कोणत्या आकारावर अडते ते पाहावे. लहान फायली जातात आणि ४ जीबीच्या वरची एकही जात नाही, असे असेल तर फाइल जिथे ठेवायची ती डिस्क फॅट३२ या जुन्या, ४ जीबीपर्यंतचीच फाइल घेणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असण्याची शक्यता सर्वाधिक. नेटवर्क स्टोरेजला जोडलेल्या यूएसबी डिस्कबाबत हे वारंवार घडते. डेटाची प्रत काढून डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावी. आपले स्टोरेज ती पद्धत वाचते ना, एवढे आधी तपासावे.

खरी अडचण येते ती वेबडॅव्हने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरचे फोल्डर वेबवरून ड्राइव्हसारखे जोडण्याच्या पद्धतीने, जोडलेल्या ड्राइव्हची. विंडोजमध्ये हे काम वेबक्लायंट नावाची सेवा करते आणि तिने उतरवून घ्यायच्या फाइलची मर्यादा मुळातच ५,००,००,००० बाइट, म्हणजे जेमतेम ४७.७ एमबी ठेवलेली असते. एखाद्या अनोळखी सर्व्हरने अवाढव्य फाइल पाठवून आपला संगणक ठप्प करू नये, यासाठी ही मर्यादा घातलेली आहे. म्हणून ती केवळ आपल्या विश्वासाच्या सर्व्हरसाठीच वाढवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रशासकाच्या अधिकाराने रेजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्ज बदलण्याचे साधन) उघडावा आणि ‘एचकी लोकल मशीन’मधून सिस्टम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, वेबक्लायंट या क्रमाने पॅरामीटर्सपर्यंत जावे. फेरफार करण्यापूर्वी ही शाखा एक्सपोर्ट करून ठेवावी. तेथे ‘फाइल साइझ लिमिट इन बाइट्स’ ही नोंद सापडेल. ती उघडल्यावर चौकटीत आकडा हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत दिसतो. आधी डेसिमल (नेहमीची दशमान पद्धत) निवडावे आणि मगच ४२९४९६७२९५ हा आकडा घालावा. हा क्रम उलटा झाला तर भलतीच मर्यादा लागू होते आणि चूक कोठे झाली ते कळत नाही.

यानंतरची पायरी मी स्वतः गाळली होती. आकडा बरोबर होता, तरी तोच संदेश पुन्हा येत राहिला आणि मी संपूर्ण संध्याकाळ सर्व्हरच्या सेटिंग्ज तपासण्यात घालवली. सर्व्हरमध्ये काहीच बिघाड नव्हता. वेबक्लायंट सेवा नवा आकडा सुरू होतानाच वाचते, त्यामुळे सर्व्हिसेसच्या यादीतून ती थांबवून पुन्हा सुरू करणे किंवा संगणक रीस्टार्ट करणे अनिवार्य आहे. नुसता ड्राइव्ह तोडून पुन्हा जोडल्याने भागत नाही.

आणखी एक इशारा द्यायला हवा. वेबडॅव्हवरून येणारी फाइल आधी सी ड्राइव्हवर तात्पुरती साठवली जाते. फाइल जिथे ठेवायची त्या डिस्कवर कितीही जागा असली, तरी सी ड्राइव्ह भरलेला असेल तर ती अर्ध्यावर थांबते.

वर दिलेला आकडा हीच या सेवेची कमाल मर्यादा आहे, कारण ३२ बिटांच्या नोंदीत त्याहून मोठी संख्या मावत नाही. म्हणजे ४ जीबीच्या पुढच्या फाइलसाठी हा मार्ग बंद आहे. अशा वेळी रेजिस्ट्रीशी झगडत न बसता त्या क्लाउडचे स्वतःचे सिंक अॅप वापरावे किंवा ब्राउझरमधून फाइल थेट उतरवावी. फाइलचे तुकडे करून पाठवण्याचा सल्लाही अनेकदा दिला जातो, परंतु एक तुकडा बिघडला की सारी फाइल वाया जाते, म्हणून दुसरा कोणताच मार्ग उरला नसेल तरच तो पत्करावा.

फाइल उतरल्यावर दोन्हीकडच्या प्रॉपर्टीज उघडून आकार बाइटमध्ये जुळवावा. एमबीतला गोळाबेरीज आकडा पुरेसा नाही. शेवटच्या बाइटपर्यंत आकडा जुळल्याशिवाय मूळ फाइल पुसू नये.