लेआउटमध्ये महिन्याची बीपी सकाळ कशी भरवावी

नागपुरात मानेवाड्याकडच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, देवळाच्या ओट्यावर, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बीपी मोजायला बसते. सात वर्षं झाली. त्याआधीची तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून गेली. असं काही सुरू करायचं म्हटलं की सल्ले ठरलेले असतात: बॅनर लावा, मोठ्या डॉक्टरांचं व्याख्यान ठेवा, पत्रकं वाटा. व्याख्यानाला लोक येतात, पोहे खातात आणि जातात. पत्रकं भाजीच्या पिशवीच्या तळाशी सापडतात. हा खर्च करू नका.

सामान थोडंसंच लागतं. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन (मनगटाचं नको), जाड दंडासाठी वेगळा मोठा पट्टा, जास्तीचे सेल, टेबल, पाठ असलेल्या दोन-तीन खुर्च्या, एक वही आणि पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं. वस्तीच्या आशाताईंना आधी भेटून या. कोणाच्या घरात कोण आजारी आहे, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मोजणं सोपं आहे, पण घाई केली की आकडा खोटा येतो. फिरून आलेल्या माणसाला आधी पाच मिनिटं गप्प बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला आणि उघड्या दंडावर. स्वेटरवरून मोजायचं नाही. चहा, बिडी किंवा खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) झाला असेल तर अर्धा तास थांबवा. खर्रा तोंडात ठेवूनच "मोजा ना ताई" म्हणणारे येतात, त्यांना सरळ रांगेच्या शेवटी पाठवा. लघवी अडवून बसलेल्यालाही आधी जाऊन येऊ द्या, तीही आकडा चढवते. मोजताना बोलायचं नाही, तुम्हीही नाही. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे कार्डावर लिहा. पहिला बहुधा जास्तच येतो. आकडा मोठ्यानं वाचू नका. ओट्यावर शेजारीण बसलेली असते, दुपारपर्यंत तो सगळ्या लेआउटला कळतो.

वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरकडे पाठवायचं. घरी, निवांत मोजलेलं असेल तर १३५/८५ लाच. १८०/१२० च्या वर गेलं तर पाच मिनिटांनी परत मोजा. तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी दवाखाना. सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडं बोलणं किंवा एका बाजूचा हात-पाय गळणं असेल तर परत मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

आता खरा कठीण भाग: मोजून झाल्यावर तुम्ही काय बोलता.

पहिल्याच वर्षी एका काकूंचं बीपी १६८/९६ आलं. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी १२८/८० आलं, मला आनंद झाला आणि मी म्हणाले, "वा काकू, एकदम नॉर्मल!" पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. त्यानंतर आल्या तेव्हा १७६/१००. गोळीचं विचारलं तर म्हणाल्या, "तुमीच तं म्हनलं नार्मल हाय. मंग नार्मल मानसानं गोळी कायले खायाची?"

त्यांचं काय चुकलं? चूक माझी होती. तीस वर्षं मी वॉर्डात "समजलं ना?" विचारत आले आणि प्रत्येक मान हललेली पाहून पुढच्या खाटेकडे गेले. सिस्टरसमोर "नाही समजलं" कोण म्हणणार? मान हलणं म्हणजे "आता जाऊ द्या मला". त्या दिवशी काकूंना त्याच डॉक्टरांकडे परत पाठवलं, आणि 'नॉर्मल' हा शब्द ओट्यावर बंद केला. आता म्हणते, "गोळीमुळे आटोक्यात आहे." यातला 'गोळीमुळे' गाळायचा नाही.

"समजलं का" तर कधीच विचारू नका. त्याऐवजी असं विचारा: "मी नीट सांगितलं की नाही ते मला पाहायचंय. घरी सुनेनं विचारलं तर काय सांगाल?" चूक झालीच तर ती तुमच्या सांगण्यातली, असं वाटलं पाहिजे. परीक्षा घेतल्यासारखं विचारलंत तर पुढच्या रविवारी माणूस येणार नाही. मग जी उत्तरं येतात ती ऐकून मी अजून चाट पडते. "डोकं दुखलं की गोळी घ्यायची." "दोन दिवस राहिली तर तिसऱ्या दिवशी तीन." (विसरलेली गोळी दुप्पट करून कधीच घ्यायची नाही.) उत्तर चुकलं तर तेच वाक्य मोठ्यानं परत म्हणू नका, वेगळ्या शब्दांत सांगा आणि पुन्हा विचारा. एका माणसाला एका दिवशी एकच गोष्ट. मीठ, चालणं, गोळी, तंबाखू सगळं एकदम सांगितलंत तर घरी काहीच पोचत नाही.

मी कूलरचं उदाहरण देते. खोली थंड आहे ती कूलर चालू आहे म्हणून. बंद केला तरी लगेच तापत नाही, म्हणून वाटतं गरजच नव्हती. नागपुरात हे कोणालाही सांगावं लागत नाही. पण एका आजोबांनी मला गाठलंच: "पावसाळ्यात तं कूलर काढून ठेवतो ना आपण?" सगळा ओटा हसला. आणि बीपीलाही खरंच ऋतू असतो, फक्त कूलरच्या उलट. मे महिन्याच्या उन्हात अनेकांचं उतरतं, गरगरायला लागतं. डिसेंबरच्या थंडीत चढतं. उन्हाळ्यात डॉक्टर कधी गोळी कमीही करतात. म्हणून आता उदाहरणाला शेपूट जोडलंय: कूलर कमी करायचा की काढायचा, ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त कार्ड दाखवा.

घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा. लोक 'पांढरी', 'गुलाबी' असं बोलतात आणि कंपनी बदलली की रंग बदलतो. कंपनीनं दिलेलं नाव सोडून औषधाचं खरं नाव पाहायला शिकवा. दोन वेगळ्या पाकिटांतून एकच औषध दोनदा घेणारे मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतात. कोणतं थांबवायचं ते आपण सांगायचं नाही, पाकिटांसह दवाखान्यात पाठवायचं. वाचता येत नसेल तर पाकिटावर मार्करनं सकाळीला सूर्य, रात्रीला चंद्र.

मिठाचं एवढंच: माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही, आणि त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं.

मे महिन्यात साडेसहाला सुरू करून आठला उठा, ओटा तापतो. शेवटी मशीनमधले सेल काढून ठेवा, नाहीतर गळू शकतात. त्या काकू अजून येतात. हल्ली मी तोंड उघडायच्या आधीच म्हणतात, "गोळीमुळे, गोळीमुळे. लिहा तुमी."