पेटीवरून पियानोवर: बेळगावकडच्या मुलांची पहिली दहा वर्षं

बेळगाव हे पेटीचं गाव. पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या वादकांनी इथे पेटीला मोठं केलं, त्यामुळे शहापूर, टिळकवाडी, खानापूर, निपाणी भागात पेटीवर हात बसलेली मुलं आजही भेटतात. अशा मुलाला पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकायचा असेल आणि पुढे मैफलीत बसायचं असेल, तर कान आणि लय बहुतेक वेळा तयार असते. हात मात्र नव्याने घडवावा लागतो. तो बारा-तेराव्या वर्षाच्या आत घडला तर पुढचं सोपं जातं. सर्टिफिकेटं नंतर कधीही मिळवता येतात.

हात

पेटीची पट्टी दाबली की झडप उघडते आणि हवा सुरातून, म्हणजे धातूच्या पातीतून, जाते. आवाज लहान-मोठा होतो भात्यावर. पियानोत पट्टी दाबली की फेल्टची हातोडी उसळते, तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. ती किती वेगाने गेली त्यावर आवाज ठरतो. पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते आणि जे व्हायचं ते तेवढ्यात होऊन जातं. त्यानंतर कितीही जोर दिला तरी तो स्वर बदलत नाही. पेटीवाली मुलं नेमकी इथे अडकतात. स्वर वाजून गेला तरी बोटं पट्टीच्या तळाशी रुतवून ठेवतात. दोन-तीन महिन्यांत मनगट कडक होतं आणि कोपराच्या खाली दुखायला लागतं.

उपाय साधा आहे, पण रोज करायचा. मुलाने दंड सैल सोडून हात पट्टीच्या वर एक वीत उचलायचा आणि मधल्या बोटावर पडू द्यायचा. स्वर वाजला की पट्टी वर येणार नाही एवढाच भार ठेवायचा, बाकीचा सोडून द्यायचा. त्याच क्षणी तुम्ही त्याच्या मनगटाखाली दोन बोटं घालून हलकेच वर उचला. मनगट सहज उचललं गेलं तर बरोबर. ताठ लागलं तर पुन्हा. पाचही बोटांवर, दोन्ही हातांनी, दिवसाला दहा मिनिटं पुरतात.

दुसरी अडचण डाव्या हाताची. तो इतकी वर्षं भात्यावर असतो, म्हणून उजव्याच्या बराच मागे राहिलेला असतो. पहिली दोन वर्षं प्रत्येक धडा डाव्याने आधी बसवा. तिसरी अडचण अंगठ्याची. पेटीत अंगठ्याकडे दुर्लक्ष करूनही निभावतं, पियानोत नाही. अंगठ्याला 1 आणि करंगळीला 5 धरून पांढरी एकपासून, म्हणजे सी या पट्टीला सा मानून, चढताना उजव्या हाताची बोटं 1-2-3-1-2-3-4-5 अशी येतात, म्हणजे मध्यमावर अंगठा तळहाताखालून सरकतो. डाव्याची 5-4-3-2-1-3-2-1, म्हणजे पंचमावर अंगठा आला की मधलं बोट त्याच्यावरून धैवतावर जातं. अंगठा सरकताना कोपर बाहेर फेकलं जात असेल तर लय निम्म्यावर आणा.

बैठक नीट नसेल तर यातलं काहीच टिकत नाही. कोपर पट्ट्यांच्या पातळीत हवं आणि बाकाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं. खुर्चीवर गोधडीची घडी घालू नका, ती दबते आणि उंची रोज बदलते, फळी ठेवा. पाय लोंबकळत असतील तर पायाखाली घरातले लाकडी पाट एकावर एक ठेवा. सप्तकाची रुंदी सुमारे 16.5 सेंटिमीटर असते. लहान हात तिथवर ताणायला लावू नका, वाढला की आपोआप पोहोचतो.

वाद्य आणि पावसाळा

61 पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर वरचं काहीच शिकता येत नाही. सुरुवातीला 88 वजनदार पट्ट्यांचा, हॅमर ॲक्शनचा डिजिटल पियानो घ्या. साधा मॉडेल 50,000 रुपयांच्या आसपास येतो. स्टँड डुगडुगणारा नको आणि पेडल जमिनीवर पक्कं बसणारं हवं. तीन-चार वर्षांनी मात्र खऱ्या तारांचा पियानो लागतोच. हळू वाजवताना हातोडी तारेपर्यंत पोहोचते की मध्येच विरते, हे हाताला तिथेच कळतं.

जुना उभा पियानो घेताना ट्यूनिंग फोर्कवर मधला ए, म्हणजे पांढरी सहा, 440 हर्ट्झशी ताडून बघा. अर्धा स्वर उतरलेला असेल तर वर चढवताना जुन्या तारा तुटू शकतात. मागची ध्वनिफळी तडकली आहे का, खुंट्या सैल आहेत का, फेल्टला कसर आणि लाकडाला वाळवी लागली आहे का, हे टॉर्च लावून पाहा. वरून पॉलिश चकाचक असलेला पियानो आत पोखरलेला निघू शकतो.

आपल्याकडचा पाऊस पियानोचा खरा शत्रू, खानापूरच्या बाजूला तर फारच. हवेतली आर्द्रता 40 ते 60 टक्के असेल तर वाद्य सुखात असतं. जूनपासून ती खूप वर जाते, ध्वनिफळी फुगते, स्वर चढतात, आणि पट्टीच्या छिद्रांतलं कापड फुगून पट्टी खाली गेली की वर यायला वेळ लावते. अशा पट्टीत तेल किंवा कसलाही स्प्रे कधीही घालू नका. लाकूड तो पिऊन घेतं आणि दुखणं कायमचं होतं. ते काम कारागिराचं. तुम्ही एवढंच करा: पियानो बाहेरच्या भिंतीला, खिडकीजवळ किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला लावू नका, मागे वीतभर जागा सोडा, खोलीत आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर ठेवा आणि काटा 70 च्या वर गेला की हवा कोरडी करणारा डीह्युमिडिफायर लावा. भर पावसात ट्यूनिंग करून घेतलं तर दिवाळीपर्यंत ते उतरतं. वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर करा. ट्यूनर बाहेरगावाहून बोलवायचा असेल तर गावातल्या तीन-चार घरांनी एकच दिवस ठरवावा, प्रवासखर्च वाटला जातो.

रियाज

जर्मन संगीतकार बाखच्या दोन आवाजांच्या 15 इन्व्हेन्शन्सपैकी, म्हणजे छोट्या रचनांपैकी, पहिली घ्या. ती पांढरी एकची आहे, 22 मापांची (माप म्हणजे बार, आपल्या आवर्तनासारखा). पहिल्या मापात उजवा हात पाव मात्रा थांबून सा रे ग म रे ग सा प वाजवतो. माप निम्मं झालं की डावा हात हीच ओळ एक सप्तक खाली घेतो. दुसऱ्या मापात उजवा हात तीच चाल पंचमावरून उचलतो: प ध नी सां ध नी प रें. मुलाला आधी ही ओळ गायला लावा. सरगम अंगात असलेल्या मुलाला दोन आवाजांची प्रश्नोत्तरं लगेच ऐकू येतात, आणि हे आपल्या मुलांचं मोठं बळ आहे.

मग मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 40 ठोक्यांवर, एका मात्रेत चार स्वर. आधी डावा एकटा, मग उजवा एकटा, मग दोन्ही, पण एका वेळी दोनच मापं. तीनदा न चुकता आलं की 4 ने वाढवा. चूक झाली की मूल सुरुवातीला जातं. तसं करू देऊ नका, नाहीतर पहिली चार मापं सोन्यासारखी होतात आणि शेवटची चार कच्ची राहतात. पाठ झालं का ते तपासताना सांगा, ‘सातव्या मापापासून सुरू कर.’ अडखळलं तर फक्त बोटांना पाठ आहे, डोक्याला नाही, आणि असं पाठांतर मंचावर दगा देतं.

सरगम गाण्यापुरती ठीक आहे, वाचायचं स्टाफ नोटेशनच, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी. पेटीवर सा कुठेही धरता येतो, इथे प्रत्येक पट्टीचं नाव पक्कं आहे: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प. रोज दहा मिनिटं न पाहिलेला सोपा तुकडा न थांबता वाचायला द्या. चुकलं तरी पुढे जायचं.

वेळ म्हणाल तर आठव्या वर्षी दिवसातून दोनदा वीस मिनिटं, बाराव्या वर्षी दीड-दोन तास, सोळाव्या वर्षी तीन-चार तास. दर 25 मिनिटांनी पाच मिनिटं उठायचं. दुखलं तर त्या दिवशी वाजवणं बंद. ‘थोडं सोसलं की हात तयार होतो’ हा समज फार नुकसान करतो.

गुरू आणि ग्रेड

शिक्षक पाहताना एक तास मागे बसा. ते स्वतः वाजवून दाखवतात का? हाताकडे बघतात की फक्त पुस्तकाकडे? वर्षभर परीक्षेचे तीनच तुकडे घासून घेत असतील तर दुसरीकडे बघा. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रत्यक्ष परीक्षेत 150 पैकी 100 ला पास, 120 ला मेरिट, 130 ला डिस्टिंक्शन असतं. त्यात तीन तुकड्यांना 90, स्केल्सना (सप्तकाच्या चढ-उताराला) 21, साइट रीडिंगला (न पाहिलेलं वाचून वाजवण्याला) 21 आणि कानाच्या चाचणीला 18 गुण. सहावी ग्रेड द्यायच्या आधी पाचवीची थिअरी लागते. ती वेळेत उरका, कारण तिच्यापायी वर्ष अडतं. एका ग्रेडमागे निदान पंधरा इतर तुकडे वाजवून झाले पाहिजेत.

गावात दर आठवड्याला एक शिक्षक आणि महिन्यातून एकदा पणजीची फेरी, ही घडी चांगली बसते. कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. पावसाळ्यात चोर्ला घाट भरवशाचा नाही, तेव्हा ऑनलाइन शिका. एक फोन कोपराच्या उंचीवर बाजूला, दुसरा वरून पट्ट्यांवर. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर हळू वाजवलेलं सगळं ते ॲप गोंगाट समजून पुसून टाकतं.

एसएसएलसी, पीयूसी आणि पुढे

एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, वर्षी घरोघरी वाद्यावर कापड पडतं. रियाज तासावर आणा, पण तोडू नका. सोळाव्या वर्षी सहा महिने सुटलेला हात परत आणायला वर्ष जातं.

परदेशी कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, जायचं तर पीयूसीच्या पहिल्या वर्षीच (अकरावीत) प्रवेशासाठी वाजवायच्या रचना ठरवा. बहुतेक ठिकाणी बाखचा एक प्रिल्यूड आणि फ्यूग, हायडन, मोझार्ट किंवा बीथोव्हनचा अख्खा सोनाटा, शोपॅनचा एखादा एट्यूड आणि एक मोठी रोमँटिक रचना मागतात, सगळं पाठ. ब्रिटनमधले अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीत संस्थेत 1928 पासून शिकवणी फी नाही, पण जागा मूठभर. जर्मनीत सरकारी संस्थांची फी कमी, भाषा मात्र शिकावी लागते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्यांना सत्राला 1500 युरो पडतात.

वॉर्सॉची शोपॅन स्पर्धा पाच वर्षांनी एकदा होते आणि तिथवर फार थोडे पोहोचतात. बहुतेक पियानिस्टांचं घर साथसंगत, चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांचं एकत्र वादन) आणि शिकवणं यांवर चालतं, एकल मैफली त्यात अधूनमधून. म्हणून चौदाव्या वर्षापासून मुलाला गाणाऱ्याची, व्हायोलिनची साथ करू द्या. पेटीवर साथ केलेल्या मुलाला गायकाचा श्वास ऐकून थांबायची सवय आधीच असते.

अर्जाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग ट्यूनिंगनंतरच्या आठवड्यात, पहाटे, रस्ता जागा व्हायच्या आत करा. कॅमेरा उजव्या बाजूला, हात, चेहरा आणि पेडल तिन्ही दिसतील असा. एकेक रचना एकाच टेकमध्ये घ्या, मध्ये कापू नका. जोडलेलं रेकॉर्डिंग परीक्षकांच्या कानाला कळतं आणि अर्ज तिथेच बाद होऊ शकतो.