दाढेचा ठणका आणि मध्यरात्रीची कॅज्युअल्टी : या चुका टाळा

रात्री दीडच्या सुमाराला कॅज्युअल्टीत गाल धरून बसलेला माणूस मी दोनदा होतो. दोन्ही वेळा दाढ तीच, खालची डावीकडची. आणि दोन्ही वेळा घडलंही तेच. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून तोंडात पाहिलं, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं, "सकाळी डेंटिस्टना दाखवा." सकाळी दुखत नव्हतं. मग दाखवायचं काय? चार महिन्यांनी मी पुन्हा त्याच बाकावर.

गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपण कृतघ्न माणसाला लावतो. दातांच्या बाबतीत ती वेगळ्या अर्थाने लागू पडते. गरज सरलेली नसतेच, सरल्यासारखी वाटते, आणि तेवढ्यावर आपण वैद्याला विसरतो. खालच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

कॅज्युअल्टीत दातावर उपचार होतात असं समजणं

कॅज्युअल्टीत तुमचा जीव धोक्यात आहे का, हे पाहिलं जातं. छातीत दुखणं, अपघात, विषबाधा, फिट येणं यासाठी ती जागा सज्ज असते. दात कोरायचं यंत्र, एकेका दाढेचा बारीक एक्स-रे काढायची सोय, रूट कॅनॉल करणारा माणूस यातलं बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. तिथले डॉक्टर दुखणं कमी करू शकतात, जंतुसंसर्ग पसरतोय का ते पाहू शकतात, पसरत असेल तर सलाइनमधून औषध देऊ शकतात. कीड काढणं, दात उघडून आतला पू मोकळा करणं किंवा दात उपटणं हे त्यांचं काम नाही. म्हणजे तासन् तास रांगेत बसून तुम्ही घरी आणता ती फक्त सवलत, काही दिवसांची.

हे काही मूठभर लोकांचं नाही. एकट्या अमेरिकेत दातांच्या तक्रारी घेऊन तातडीच्या विभागात वर्षाला सुमारे २० लाख खेपा होतात. सगळा दोष आळसाचा आहे असं मला वाटत नाही. दातांचे दवाखाने रात्री बंद असतात, मोठ्या माणसांच्या दातांचा खर्च अनेकदा विम्यात बसत नाही, आणि कॅज्युअल्टीचा दिवा रात्रभर चालू असतो. पण कारण समजलं म्हणून दाढ बरी होत नाही.

दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून इथे जरा थांबू या.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं असं आपण म्हणतो. दाताचं बरोबर उलटं आहे. ते मुंगीच्या पावलाने येतं. तोंडातले जंतू आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आम्लपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरच्या कठीण आवरणातले क्षार विरघळायला लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते आणि थोडेफार क्षार परतही बसवते. पण एकदा खड्डा पडला की तो भरून येत नाही, कारण त्या आवरणात जिवंत पेशीच नसतात. हाड जुळतं, कातडी भरून येते, दाताचा खड्डा मात्र खड्डाच राहतो. या सगळ्या काळात दुखत काहीच नाही.

पुढे कीड आतल्या थरात उतरते तेव्हा थंड पाण्याने सळ येते आणि काही सेकंदांत जाते. ही वेळ सोन्याची. या टप्प्यावर बहुतेकदा नुसतं सिमेंट भरून भागतं. थंड लागल्यावरची कळ मिनिटभर रेंगाळायला लागली, काही न खातापिता आपोआप ठणका उठायला लागला, आडवं झाल्यावर वाढायला लागला, की समजावं, आतली नस सुजली आहे. दाताच्या आतली पोकळी चारी बाजूंनी कठीण असते, सुजेला फुगायला जागाच नाही. आडवं पडलं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि प्रत्येक ठोका दाढेत ऐकू येतो. दाढ रात्रीच का दुखते, याचं हे साधं उत्तर. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवलं तर थोडा आराम पडतो तो त्यामुळेच.

मग एक दिवस ठणका थांबतो. आपण सुटकेचा श्वास सोडतो. खरं तर बऱ्याचदा आतली नस मेलेली असते. दुखायला जिवंत काही उरलेलं नसतं, जंतू मात्र जागेवर असतात. ते मुळाच्या टोकातून बाहेर पडून जबड्याच्या हाडात घर करतात. काही आठवडे, कधी काही महिने शांतता. त्यानंतर चावताना दुखणं, दाढ बाकीच्यांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटणं, हिरडीवर पुटकुळी येणं. ती पुटकुळी फुटून पू वाहत राहिला तर दाब साठत नाही, म्हणून दुखतही नाही. अशी पुटकुळी वर्षभर जपणारी माणसं आहेत. "अधूनमधून येते, जाते," म्हणतात.

माझ्या दाढेचा एक्स-रे शेवटी निघाला तेव्हा डॉक्टरांनी मुळाच्या टोकाशी एक काळा डाग दाखवला. मी विचारलं, "पण मधे चार महिने काहीच दुखलं नाही?" त्या म्हणाल्या, "तेव्हाच तर तो वाढत होता."

घरात उरलेली अँटिबायोटिकची पाकिटं

औषध रक्तातून पोचतं. नस मेलेल्या दाताच्या आत रक्तच जात नाही, तर औषध जाणार कुठून? म्हणून गोळ्यांनी आजूबाजूची सूज उतरते, पण मूळ जागा तशीच राहते आणि कोर्स संपला की पुन्हा डोकं वर काढते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा सूर हाच आहे: प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढ माणसाच्या बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक नको, दातावरचा प्रत्यक्ष उपचार करा. ताप असेल, सूज पसरत असेल, तर गोष्ट वेगळी.

कपाटातल्या उरलेल्या चार गोळ्या, शेजाऱ्यांनी दिलेल्या दोन, असा उधारीचा कोर्स तर मुळीच नको. जंतू मरत नाहीत, शिकतात.

पेनकिलरचा हिशेब न ठेवणं

दातदुखीवर साध्या गोळ्या कमकुवत, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. प्रौढांच्या तीव्र दातदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी, एकटी किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने घेणं हा पहिला पर्याय म्हणून २०२४ च्या अमेरिकन सूचनांमध्ये सांगितला आहे, अफूजन्य औषधांच्या आधी. पण "साधी" म्हणजे "कितीही" नव्हे. ज्यांना अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, दमा आहे किंवा गर्भारपण आहे त्यांनी आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये.

पॅरासिटामॉलचा धोका आणखी छुपा. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर त्याहून कमी. ठणक्याने बेजार झालेला माणूस एक गोळी डोकेदुखीची म्हणून, एक सर्दीची म्हणून, एक दाताची म्हणून घेतो. तिन्हींत पॅरासिटामॉलच असतं, आणि दाढेसाठी निघालेला माणूस यकृत घेऊन खरोखरच कॅज्युअल्टीत पोचतो. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा आणि घेतलेल्या वेळा कागदावर लिहा.

ॲस्पिरिनची गोळी दाढेजवळ दाबून धरायची युक्ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती गोळी आम्ल आहे. हिरडी आणि गालाची आतली बाजू भाजून पांढरी पडते, दाढ तशीच ठणकते. गोळी गिळायची असते. लवंगतेलातल्या युजेनॉलने थोडा वेळ बधिरपणा येतो हे खरं, पण तेही निव्वळ तेल हिरडीवर ओतलं तर पोळतं. बाहेरून शेक देऊ नका, गार पट्टी ठेवा. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या बिनधास्त करा.

जिथे खरंच धावायला हवं तिथे घरी बसणं

एवढं वाचून कोणी कॅज्युअल्टीला जायचंच नाही असं ठरवलं, तर ती दुसऱ्या टोकाची चूक. १८३६ मध्ये लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी जबड्याखाली वेगाने पसरणाऱ्या एका सुजेचं वर्णन केलं. आजही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. बहुतेकदा ती खालच्या मागच्या दाढांमधून सुरू होते, जीभ वर ढकलते आणि श्वासाची वाट बंद करते. अँटिबायोटिक येण्यापूर्वी अर्ध्याहून अधिक रोगी त्यात दगावत. आजही इथे तासांचा हिशेब असतो.

म्हणून सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकत असेल, तोंड उघडत नसेल, गिळता येत नसल्याने लाळ गळत असेल, आवाज घोगरा झाला असेल, ताप आणि थंडी असेल, श्वास लागत असेल, तर डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आणखी लवकर निघा. दात काढल्यावरचं रक्त स्वच्छ गॉजवर वीसेक मिनिटं सलग दाबून धरूनही थांबत नसेल (मधे मधे उचलून पाहायचं नाही, त्यानेच गाठ सुटते), जबड्याला मार लागला असेल, तरीही जा.

आणखी एक. खालच्या जबड्यात दुखतंय, पण नेमका कोणता दात ते बोट ठेवून सांगता येत नाही, चालल्यावर वाढतं, सोबत घाम आहे किंवा छाती भरून आल्यासारखी वाटते? ते दाताचं नसून हृदयाचं असू शकतं. इथे लवंगतेल शोधत बसू नका.

मार लागून अख्खा पक्का दात (दुधाचा नव्हे) बाहेर आला तर मात्र पहिली धाव डेंटिस्टकडे, तीही अर्ध्या तासात. दात मुळाकडून धरू नका, घासू नका. नुसता विसळून जागेवर बसवता आला तर उत्तम, नाहीतर दुधात बुडवून न्या.

"एकदम असह्य झालं की बघू"

भीतीपोटी दुखणं अंगावर काढणारे लोक एक गोष्ट विसरतात. सुजलेल्या, आम्लधर्मी झालेल्या पेशींमध्ये भुलीचं औषध नीट काम करत नाही. म्हणजे ज्या वेदनेच्या भीतीने आपण थांबतो, थांबल्यामुळे तीच वेदना वाट्याला यायची शक्यता वाढते. शांत दाढेला भूल चटकन लागते. भीती वाटत असेल तर फोन करतानाच सांगा. डॉक्टरांना ते नवीन नसतं.

मुळात या टप्प्यापर्यंत यावं का लागावं? आपल्या भाषेनेच थोडा घोळ घातला आहे. "कीड लागली" म्हटलं की आत एखादा किडा बसलाय आणि तो मेला की काम झालं, असं वाटतं. किडा नसतो. रोजचं आम्ल असतं, आणि दिवसातून किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे जास्त मोजलं जातं. पेस्टमध्ये फ्लोराइड १,००० ते १,५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असावं. रात्री झोपण्यापूर्वीचं घासणं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते. घासून झाल्यावर फक्त थुंका, खळखळून चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश टाळणं हीसुद्धा चूकच. रक्त बहुधा साचलेल्या किटणामुळे येतं, आणि न घासल्याने ते वाढतं.

आणि समजा आज रात्रीच वेळ आली, वरची धोक्याची लक्षणं नाहीत, तर सकाळपर्यंत डोकं उंच ठेवून, गोळ्यांचा हिशेब ठेवून काढा. दवाखाना उघडल्याबरोबर फोन करा. "चेकअप करायचंय" असं म्हणाल तर दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळेल. "रात्रभर दाढ ठणकत होती, थंडाची कळ जात नाही, अमुक वाजता अमुक गोळी घेतली," असं सांगा. बरेच दवाखाने अशा रोग्यांसाठी मधे जागा काढतात. कॅज्युअल्टीतून आला असाल तर तिथला कागद सोबत न्या. आणि फोन करायच्या वेळी ठणका पूर्ण थांबलेला असला, तरी नंबर फिरवा.