कायरोप्रॅक्टिकच्या जोडीला ॲक्युपंक्चरच्या सुया: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कंबर किंवा मान धरली की मणक्याभोवतीचे स्नायू आवळून बसतात. अशा वेळी कायरोप्रॅक्टिकचं, म्हणजे मणक्यावर हाताने करायच्या उपचाराचं, ॲडजस्टमेंट (झटका देऊन सांधा हलवणं) करायला गेलं, तर पेशंट नकळत अंग चोरतो, सांधा हलत नाही आणि दुखणं तेवढं वाढतं. सुयांचा उपयोग इथे होतो: आधी सुया, स्नायू जरा सैल, मग हात. उलट्या क्रमाने करणारेही आहेत. पण शिकाऊ हाताने याच क्रमाने सुरुवात करावी, कारण मग जोर कमी लागतो.

पहिल्या भेटीत मात्र दोन्ही करू नका. दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं तर ते कशामुळे, हे ना तुम्हाला कळेल ना पेशंटला.

कायरोप्रॅक्टिकची पदवी म्हणजे सुया टोचण्याचा परवाना नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टिकसाठी किमान ४,२०० तासांचं प्रशिक्षण धरलं. ॲक्युपंक्चरबद्दल तिने १९९९ मध्येच म्हटलं होतं की, डॉक्टरला निव्वळ जोडतंत्र म्हणून सुया वापरायच्या असल्या तरी किमान २०० तास शिकायला हवं. शनिवार-रविवारच्या शिबिरात हे बसत नाही.

कंबरेला ०.२५ मिमी जाडीची, ४० मिमी लांबीची सुई बहुतेकांना चालते, मानेला ०.२० × २५ पुरे. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची. बीएल २३ हा ॲक्युपंक्चरचा बिंदू दुसऱ्या कटिमणक्याच्या पातळीवर, मध्यरेषेपासून दीड सुन बाहेर असतो. सुन हे माप पेशंटच्या अंगठ्याच्या रुंदीचं, तुमच्या नव्हे. धिप्पाड विद्यार्थी सडपातळ पेशंटवर स्वतःची बोटं ठेवून मोजतो आणि बिंदू सरळ बाहेर सरकतो. तिथे खोल टोचलं तर मूत्रपिंड फार दूर नसतं. जड, बोथट ठणका जाणवला की खोली पुरेशी झाली. तीक्ष्ण चमक पायात उतरली तर सुई नसेला लागली, लगेच मागे घ्या. सुया १५ ते २० मिनिटं ठेवा.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे खांद्यावरचा जीबी २१ हा बिंदू. ताठ मानेच्या पेशंटला तिथेच गाठ लागते, म्हणून हात तिकडेच जातो, आणि त्याच्या खाली फुप्फुसाचं टोक असतं. स्नायू चिमटीत वर उचला, सुई चिमटीतूनच आडवी घाला, छातीच्या दिशेने कधीच नाही. चिमटीत स्नायू नीट येत नसेल इतका पेशंट कृश असेल, तर हा बिंदू सोडून द्या.

सुई अडकली तर ओढू नका. स्नायू आवळला असेल तर दोन-तीन मिनिटं थांबा, आजूबाजूला बोटांनी हलकं थोपटा. एकाच दिशेने फिरवत राहिल्याने सुईभोवती स्नायूचे धागे गुंडाळले गेले असतील, तर उलट फिरवा. आणि टोचलेल्या सुया कागदावर लिहा, काढलेल्या मोजा. केसांत किंवा टॉवेलखाली राहिलेल्या सुईवर थ्रस्ट (ॲडजस्टमेंटचा झटका) दिला तर ती वाकते, आत मोडूही शकते.

पहिल्यांदा सुया घेणाऱ्याला झोपवूनच टोचा. उपाशी पोटी नको. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला की सगळ्या सुया काढून पाय उंच करा. सुयांनंतर भोवळ वाटत असेल तर त्या दिवशी मानेचं ॲडजस्टमेंट नाही, हा नियम मोडू नका. मानेच्या थ्रस्टनंतर येणारी चक्कर रक्तवाहिनी फाटल्याची खूण असू शकते. आधीचीच भोवळ असेल तर ती ओळखणार कशी? अचानक उठलेली, पूर्वी कधी नव्हती अशी मानदुखी, दोन-दोन दिसणं, जांघेत बधिरपणा, लघवी अडकणं यांपैकी काही असेल तर ना सुई, ना थ्रस्ट. थेट रुग्णालय.

पेशंटला फार आश्वासनं देऊ नका. कंबरदुखीसाठी ब्रिटनच्या नाइस या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये ॲक्युपंक्चर देऊ नये असं सांगितलं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये ते पर्यायांत घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सुया आणि मणक्याचं मॅनिप्युलेशन दोन्ही मान्य केलं, पण सशर्त. आमच्या मते, पाच-सहा भेटींत हालचाल किंवा झोप यांत फरक नसेल तर थांबून पुन्हा निदान करावं.

घरी पाठवताना सांगा: एक-दोन दिवस जागा दुखेल, हिरवी-निळी पडेल, ते चालतं. पण खांद्याजवळ किंवा पाठीच्या वरच्या भागात सुया घेतल्यानंतर काही तासांनी छातीत कळ, कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जायचं आणि सुया कुठे घेतल्या हे तिथे सांगायचं.